जुनी मॉडेल रेल्वे इंजिने: डागडुजी, रंगकाम आणि किनारपट्टीवरचे जतन

जुन्या मॉडेल रेल्वे इंजिनांची डागडुजी म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या छोट्या इंजिनांची सफाई करणे, ती पुन्हा चालती करणे आणि गरज असेल तर त्यांना नवा रंग देणे. यात पत्र्याची चावीची इंजिने येतात, जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली विजेवर चालणारी इंजिने येतात आणि १९५० नंतरची प्लास्टिकची इंजिनेही येतात. काम नाजूक असले तरी त्याला लागणारी बरीचशी हत्यारे घरात किंवा तालुक्याच्या बाजारात मिळतात. अवघड असतो तो निर्णय: काय काढायचे आणि काय तसेच ठेवायचे.

कारखान्याने दिलेला रंग एकदाच मिळतो. तो खरवडला की परत येत नाही. म्हणून जाणकार संग्राहक नवा रंग हा शेवटचा उपाय मानतात. कोकण किनाऱ्यावर या नियमाला आणखी एक बाजू आहे. इथे बहुतेक इंजिने दमट आणि खारट हवेने खराब होतात. ते कारण दूर न करता वरून कितीही चांगला रंग दिला, तरी काही पावसाळ्यांत तो पोपडा धरतो.

रेल्वे नसलेल्या गावात रेल्वेचे इंजिन

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यातले बोर्ली पंचतन हे दिवेआगरजवळचे गाव. गावात रेल्वे नाही. कोकण रेल्वे गाठायची तर माणगावला जावे लागते. तरीही या पट्ट्यातल्या घरांत जुनी खेळण्यातली आगगाडी सापडणे अशक्य नाही. श्रीवर्धन आणि म्हसळा तालुक्यांतील अनेक कुटुंबांतली माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईत, आखाती देशांत आणि इंग्लंडमध्ये नोकरीला गेली आहेत. अशा घरांत परदेशातून आणलेली खेळणी माळ्यावरच्या ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून राहतात.

घर किनाऱ्याजवळ असेल तर ट्रंक ही काही सुरक्षित जागा नव्हे. वर्षाचा जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस खाली येत नाही. लोखंडी ट्रंकेत शिरलेला ओलावा आतच कोंडतो, पुठ्ठ्याच्या खोक्यावर बुरशी धरते आणि चाकांच्या आसांवर गंज चढतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन तालुक्यात असंख्य घरांची छपरे उडाली. माळ्यावर ठेवलेल्या वस्तू पावसात थेट भिजल्या. त्यामुळे या भागात डागडुजीचा पहिला प्रश्न इंजिन कोरडे कसे करायचे हा असतो. रंगाचा विचार त्यानंतर.

हातात आलेले इंजिन ओळखणे

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन कशाचे बनले आहे, ते कोणत्या मापाचे आहे आणि कोणत्या विजेवर चालते हे ठरवावे लागते.

जर्मनीतील गपिंगेन येथील मेर्कलिन ही १८५९ साली सुरू झालेली कंपनी. तिने १८९१ मध्ये खेळण्यातल्या रुळांची ठरावीक मापे बाजारात आणली आणि तेव्हापासून खेळण्यातली रेल्वे टप्प्याटप्प्याने वाढवता येऊ लागली. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९२० मध्ये हॉर्नबी आगगाड्या आणल्या. १९३८ मध्ये तिनेच हॉर्नबी डब्लो ही लहान मापाची मालिका सुरू केली. भारतात सापडणारी बरीच जुनी मॉडेल या दोन परंपरांतली असतात.

नेहमी भेटणारी मापे अशी आहेत:

ओ गेज: रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर. जुनी पत्र्याची इंजिने बहुधा या मापाची.
ओओ: प्रमाण १:७६, रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. हॉर्नबी डब्लो आणि नंतरची बहुतेक ब्रिटिश मॉडेल.
एचओ: प्रमाण १:८७, रुळांमधले अंतर तेच १६.५ मिलिमीटर. युरोप आणि अमेरिकेतली बहुतेक मॉडेल.
एन: रुळांमधले अंतर ९ मिलिमीटर.

ओओ आणि एचओ एकाच रुळावर धावतात, पण ओओ इंजिन थोडे मोठे दिसते. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची आहे. १:८७ प्रमाणात ती सुमारे १९.३ मिलिमीटर भरते. म्हणून १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर ठेवलेले भारतीय इंजिनाचे मॉडेल रुळांच्या बाबतीत नेहमी किंचित अरुंद असते. हा दोष डागडुजीने दूर करण्यासारखा नाही आणि तसा प्रयत्नही करू नये.

माप कळले की धातू पाहावा. चुंबक चिकटला तर पत्रा किंवा लोखंड. चिकटला नाही आणि वस्तू हाताला जड लागली तर जस्ताचा मिश्रधातू किंवा पितळ. पितळ खरवडलेल्या जागी पिवळे दिसते, जस्त करडे दिसते.

जस्ताचा रोग

जस्ताच्या मिश्रधातूला ब्रिटिश लोक मझाक म्हणतात. जस्तात सुमारे ४ टक्के अॅल्युमिनियम मिसळून तो साच्यात ओततात. जस्त शुद्ध असेल तर असे इंजिन शंभर वर्षेही टिकू शकते. मात्र ओतताना त्यात शिशाचा अगदी अल्प अंश मिसळला गेला असेल, तर धातूच्या कणांमधल्या सीमांवर हळूहळू क्षरण सुरू होते. धातू फुगतो, वाकतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि शेवटी तो बिस्किटासारखा चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ओतीव भागांत हा दोष जास्त आढळतो.

यावर इलाज नाही. उष्णता आणि ओलावा यांमुळे हा क्षय वेगाने होतो, म्हणून किनाऱ्यावर तो लवकर दिसतो. हा रोग एका इंजिनातून दुसऱ्याला लागत नाही, कारण तो त्या ओतीव भागातच जन्मापासून असतो. भेगा दिसणाऱ्या इंजिनात स्क्रू पिळू नयेत. अशा इंजिनाला नवा रंग देणे व्यर्थ असते, कारण धातू फुगत राहतो आणि रंग तडकतो. ते कोरड्या जागी आहे तसे ठेवावे किंवा तो भाग बदलावा. भेगा आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी तिरप्या उजेडात भिंग धरावे. रंगाखालची भेग अशा उजेडात सावलीसारखी दिसते.

भिजलेले इंजिन

पुराच्या किंवा खाऱ्या पाण्यात भिजलेल्या इंजिनाला वीज लावू नये. खाऱ्या पाण्यातले मीठ वाळल्यावर धातूवर बसते आणि हवेतला ओलावा पुन्हा पुन्हा ओढून घेते. म्हणून आधी ते गोड्या पाण्याने धुवावे आणि शेवटचे धुणे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने करावे. पत्र्याच्या छापील इंजिनावर पाणी जास्त वेळ राहू देऊ नये. ते लगेच मऊ कापडाने टिपून घ्यावे.

वाळवणे सावलीत, पंख्याखाली. कडक उन्हात प्लास्टिकचे कवच वाकते. १९५० च्या सुमारास ट्राय-अँगच्या सुरुवातीच्या मॉडेलची कवचे सेल्युलोज अॅसिटेटची होती. ती आपोआपही आक्रसतात आणि उन्हात तर नक्कीच वाकतात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय फारसा कामाचा नाही. तांदळाची पूड गिअरमध्ये जाते. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

आधी चालते करावे

रंगाला हात लावण्याआधी इंजिन चालते करणे सोयीचे असते. चाचणी करताना हाताळणी होतेच, ती नव्या रंगावर होऊ नये.

पहिली अडचण म्हणजे घट्ट झालेले जुने तेल. ते कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावे, पण छापील किंवा रंगीत भागाला अल्कोहोल लागू देऊ नये. नवे तेल शिलाई मशीनचे हलके तेल असावे. सुईच्या टोकावर येईल तेवढा एक थेंब प्रत्येक आसाला पुरतो. खोबरेल तेल वापरू नये. ते थंडीत गोठते आणि कालांतराने चिकट होते.

मोटारीत कार्बन ब्रश तांब्याच्या कॉम्युटेटरला टेकतात. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसावा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटी लाकडी टूथपिकने साफ कराव्यात. तिथे साचलेली कार्बनची भुकटी शॉर्ट सर्किट करते. वायर जळली असेल तर आर्मेचर नव्याने गुंडाळावे लागते. पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या सगळ्याच दुकानांना इतके बारीक काम जमेल असे नाही.

जुन्या मोटारींतले चुंबक हा वेगळा विषय आहे. अॅलनिको प्रकारच्या चुंबकाच्या दोन टोकांमधून आर्मेचर बाहेर काढले की त्याची शक्ती घटते. म्हणून आर्मेचर काढताना त्या जागी लोखंडाचा तुकडा सरकवावा. चुंबक कमजोर झाल्याची खूण अशी की रिकामे इंजिन सुसाट फिरते, डबे जोडले की दम तोडते आणि मोटार लवकर तापते. अशा वेळी चुंबकाला पुन्हा चुंबकत्व द्यावे लागते.

वीज जपून लावावी. हॉर्नबी डब्लो इंजिन १२ व्होल्ट डीसीवर चालते. जुनी मेर्कलिन इंजिने सुमारे १६ व्होल्ट एसीवर चालतात. दोन्हींची अदलाबदल करू नये. सोबत आलेला जुना ट्रान्सफॉर्मर मात्र बाजूला ठेवावा. त्याच्या वायरीचे रबर तडकलेले असते, पुष्कळदा अर्थिंग नसते आणि दमट हवेत इन्सुलेशनचा भरवसा राहत नाही. अमेरिकेतून आलेला ट्रान्सफॉर्मर तर १२० व्होल्टसाठी असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावला तर जळतो. चाचणीसाठी नवा, शॉर्ट सर्किट झाल्यास आपोआप बंद होणारा वीजपुरवठा वापरावा.

नवा रंग द्यावा की नाही

इंजिन चालू लागल्यावर खरा निर्णय समोर येतो. साधारणपणे तीन मार्ग असतात.

जतन: फक्त धूळ व गंज थांबवायचा. मूळ रंग, ओरखडे आणि झिजलेली अक्षरे तशीच राहतात.
डागडुजी: तुटलेला भाग बसवायचा आणि पडलेला रंग फक्त त्या जागी भरायचा.
पूर्ण नवा रंग: सगळा थर काढून पुन्हा रंगवायचे.

मूळ रंगाचा बराच भाग शाबूत असेल तर पहिला मार्ग निवडावा. संग्राहकांच्या बाजारात कारखान्याच्या झिजलेल्या रंगाला घरी दिलेल्या चकचकीत रंगापेक्षा जास्त मान असतो. शिवाय झिजलेला रंग त्या वस्तूचा इतिहास सांगतो: ती कोणत्या वर्षीची, कुठे विकली गेली, कुणी किती खेळली. आधीच कुणीतरी एशियन पेंटचा जाड थर चढवला असेल, किंवा अर्ध्याहून जास्त रंग गंजाने गेला असेल, तर नवा रंग देणे योग्य ठरते.

पत्र्याची छापील इंजिने या नियमाला अपवाद आहेत. त्यांची चित्रे पत्र्यावरच छापलेली असतात. थिनर लावले की चित्र निघून जाते आणि हाताने ते पुन्हा काढता येत नाही. अशा इंजिनावर कोरडा मऊ ब्रश फिरवावा, गंजाच्या जागी बोटाने थोडे हलके तेल लावून पुसावे आणि शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्यावा.

कोणताही मार्ग निवडला तरी आधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत. अक्षरांची उंची, पट्ट्यांची जाडी आणि कडेपासूनचे अंतर मोजून लिहून ठेवावे. रंग काढल्यावर ही माहिती दुसरीकडे कुठेच उरत नाही.

रंग कसा काढावा

आधी शिशाचा धोका लक्षात घ्यावा. जुन्या रंगांत शिसे असू शकते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारे नियम २०१६ मध्ये जाहीर झाले, आणि जुनी मॉडेल त्याच्या कितीतरी आधीची आहेत. म्हणून कोरडा पॉलिश पेपर घासू नये, कारण उडणारी धूळ श्वासात जाते. घासायचेच असेल तर वॉटर पेपर ओला करून घासावा. मास्क आणि हातमोजे वापरावेत. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून लांब ठेवावे. खरवडलेला रंग आणि गाळ कागदात गोळा करावा. ते पाणी विहिरीजवळ किंवा परसातल्या आळ्यात टाकू नये.

धातूच्या कवचासाठी बाजारातले पेंट रिमूव्हर चालते. कॉस्टिक सोडा मात्र जस्त आणि अॅल्युमिनियम खातो, त्यामुळे मझाकच्या इंजिनाला तो कधीही लावू नये. घरातल्या पितांबरीसारख्या पावडरी आणि चिंच देवाच्या भांड्यांना ठीक, पण इंजिनावरच्या बारीक खिळ्यांच्या खुणा त्या झिजवतात.

प्लास्टिकसाठी थिनर वापरू नये, ते प्लास्टिक विरघळवते. ब्रिटिश मॉडेलकारांमध्ये डेटॉल वापरण्याची पद्धत जुनी आहे. न मिसळलेल्या डेटॉलमध्ये कवच काही तास बुडवून ठेवले की रंग सैल होतो आणि जुन्या टूथब्रशने निघतो. इथे एक काळजी घ्यावी. सैल झालेल्या रंगावर लगेच पाणी ओतले तर त्याचा चिकट गोळा होतो. म्हणून पहिली सफाई आणखी डेटॉलनेच करावी आणि मगच साबणाच्या पाण्याने धुवावे. कोणताही द्रव आधी कवचाच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावा.

रंग कोणता द्यावा

इंजिनाचा रंग कंपनीनुसार आणि वर्षानुसार बदलत असे. हॉर्नबी डब्लोचे डचेस ऑफ अॅथॉल लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेच्या लालसर किरमिजी रंगात येत असे, तर सर नायजेल ग्रेस्ली लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या निळ्या रंगात. मॉडेल ज्या वर्षीचे आहे त्या वर्षीच्या कारखान्याच्या रंगाशी जुळवावे. खऱ्या इंजिनाशी जुळवणे हा वेगळा निर्णय आहे.

भारतीय रेल्वेचे मॉडेल असेल तर हाच प्रश्न आणखी काटेकोर होतो. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनच्या दोन गाड्यांपैकी एक रुपेरी रंगाची आणि लाल पट्ट्यांची होती, तर दुसरी निळी व सोनेरी रेघांची. नंतरच्या काळात त्या गाडीचे रंग अनेकदा बदलले. त्यामुळे ‘डेक्कन क्वीनचा रंग’ असे एकच उत्तर नाही, वर्ष सांगावे लागते. रायगड जिल्ह्यातच असलेल्या नेरळ–माथेरान रेल्वेचेही असेच आहे. २२ मार्च १९०७ रोजी सुरू झालेल्या या ६१० मिलिमीटर गेजच्या मार्गावर जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची वाफेची इंजिने धावली. त्यांचे आजचे प्रदर्शनातले रंग पाहून मॉडेल रंगवण्यापेक्षा जुन्या फोटोंवरून आणि वर्ष ठरवून रंगवणे बरे.

छोट्या वस्तूवर रंग अधिक गडद भासतो. म्हणून काही मॉडेलकार खऱ्या छटेत थोडा पांढरा किंवा करडा मिसळतात. पण कारखान्याच्या रंगाशी जुळवायचे असेल तर तसे करू नये.

रंगाची वेळ आणि पद्धत

बोर्ली पंचतनसारख्या गावात रंगकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याचा दमटपणा वाढेपर्यंत टिकतो. पावसाळ्यात रंग देऊ नये. थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतला ओलावा जमतो आणि रंगावर दुधाळ पांढरेपणा येतो. स्वस्त आर्द्रतामापक जवळ ठेवावा. आकडा ६० टक्क्यांच्या वर असेल तर थांबावे. खिडकीतून समुद्राचे वारे येत असेल तर त्यातले मिठाचे कणही ओल्या रंगावर बसतात. म्हणून दुपारी, वाऱ्याच्या उलट बाजूच्या खोलीत काम करावे.

कामाचा क्रम असा असतो:

१. कवच भांडी धुण्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवावे. त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नये.
२. खड्डे लांबीने भरावेत, वॉटर पेपरने सपाट करावेत.
३. प्रायमर द्यावा. पितळ आणि जस्ताला धातूला पकडणारा एच प्रायमर लागतो, नाहीतर रंग नखाने निघतो.
४. रंगाचे दोन-तीन अतिशय पातळ थर द्यावेत. एअरब्रश असेल तर १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. इनॅमलच्या दोन थरांत किमान २४ तास जाऊ द्यावेत, हवा दमट असेल तर त्याहून जास्त.
५. चकाकीचा पारदर्शक थर द्यावा. अक्षरे आणि चिन्हे गुळगुळीत पृष्ठभागावरच नीट बसतात.
६. रेघा आणि अक्षरे द्यावीत. रेघांसाठी आयटीआयच्या ड्रॉइंगमध्ये वापरले जाणारे रूलिंग पेन उपयोगी पडते. त्यात पातळ केलेला इनॅमल भरून पट्टीच्या कडेने ओढतात. अक्षरांची पाण्यात भिजवून बसवायची डिकल मिळतात.
७. शेवटी पूर्ण मॅट किंवा अर्धचकाकीचा पारदर्शक थर द्यावा.

थर पातळ का हवेत याचे उत्तर प्रमाणात आहे. १:७६ प्रमाणाच्या इंजिनावर ०.१ मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या इंजिनावर ७.६ मिलिमीटरचा लेप. एवढ्या लेपाखाली पत्र्यावरचे खिळे, दाराची कडी आणि पायऱ्या बुजतात. गॅरेजमधला ड्युको रंग धातूवर चालतो, पण त्याचे थिनर प्लास्टिक खाते. फेव्हिक्विकच्या वाफेने खिडकीचे पारदर्शक प्लास्टिक पांढरे पडते, म्हणून काचा चिकटवायला पाण्यात विरघळणारा गोंद वापरावा. थिनर ज्वलनशील असते. त्या खोलीत चूल, गॅस किंवा देव्हाऱ्यातला दिवा पेटलेला नसावा.

नंतरचे जतन

किनाऱ्यावर डागडुजी संपल्यावरच खरी राखण सुरू होते. इंजिन काचेच्या बंद कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून थोडे दूर ठेवावे. कपाटातली आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहील अशा बेताने सिलिका जेल ठेवावे. रंग बदलणारे नारिंगी जेल ओलावा शोषून हिरवे झाले की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसवर तापवून पुन्हा वापरता येते. लोखंडी ट्रंक आणि प्लास्टिकची पिशवी दोन्ही टाळावीत, पिशवीत ओलावा आतच कोंडतो. फोमचा तुकडाही वर्षांनी विरघळून रंगाला चिकटतो. त्याऐवजी आम्लरहित पातळ कागद वापरावा. मूळ खोके फाटके असले तरी फेकू नये. त्यावरचा क्रमांक ही इंजिनाची ओळख असते.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक इंजिन बाहेर काढून तपासावे, हाताने चाके फिरवावीत आणि भेगा वाढल्या आहेत का ते पाहावे. फार काळ उभे राहिलेल्या इंजिनातले तेल पुन्हा घट्ट होते.

कुठे पाहता येईल

महाराष्ट्रात लहान मापाची चालती रेल्वे पाहण्याचे ठिकाण म्हणजे पुण्यात कोथरूडला असलेले जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज. भाऊ जोशी यांनी जमवलेल्या आणि उभारलेल्या मॉडेलमधून साकारलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. सिग्नल, स्थानके आणि वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या असलेला तिथला देखावा प्रत्यक्ष चालवून दाखवला जातो. खऱ्या इंजिनांचे आकार आणि बारकावे जवळून बघायचे असतील तर नवी दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उपयोगी पडते. ते १९७७ पासून सुरू आहे.

केलेल्या कामाची नोंद

प्रत्येक इंजिनासोबत एक लहान कार्ड ठेवावे. त्यावर इंजिन कधी आणि कुठून आले, कोणता भाग बदलला, कोणता रंग मूळचा आहे, कोणता नवा आणि कोणत्या रसायनाने जुना रंग काढला हे लिहावे. काढलेले मूळ भाग, मग तो वाकलेला आस असो वा तुटलेली कडी, छोट्या पुडीत त्याच खोक्यात ठेवावेत. पुढे ते इंजिन विकले गेले किंवा दुसऱ्या पिढीकडे गेले, तर घेणाऱ्याची फसवणूक होत नाही आणि आजचे काम चुकीचे ठरले तर उद्या ते सुधारता येते. नव्याने रंगवलेले इंजिन मूळ म्हणून विकणे ही या छंदातली सर्वात मोठी लबाडी मानली जाते, आणि ती टाळायला एवढे एक कार्ड पुरते.